काटा-पावतीच्या वेब अ‍ॅपवर हेड, पुट, पॅच, डिलीट, ट्रेस कसे तपासायचे? "धोकादायक मेथड" बंद केल्या तर मापाड्याचा मोबाइलच अडला

अडाणकाठ (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस-सोयाबीन खरेदीचं वेब अ‍ॅप आहे. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, उतरल्यावर रिकामं वजन, निव्वळ क्विंटल, ओलावा, दर, मग पावती. समोर एनजिनएक्स, मागे अपाचे (दोन्ही वेब सर्व्हर), त्यात लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क). जुन्या हंगामांच्या पावत्या डाउनलोड करायचं पान लारावेलच्या बाहेर आहे. ती एक साधी पीएचपी फाइल आहे आणि तिच्या फोल्डरला डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधून पासवर्ड लावलेला आहे. मापाडी मोबाइलवर जे पान वापरतो ते वेगळ्या सबडोमेनवर.

बाहेरून सुरक्षा तपासणी करून घेतली. अहवालात या विषयावर एकच ओळ आली: ऑप्शन्सच्या उत्तरात पुट, पॅच, डिलीट दिसतात, त्या बंद करा. (मेथड म्हणजे सर्व्हरला काय करायचं ते सांगणारा शब्द: गेट वाचायला, हेड मजकुराशिवाय वाचायला, पोस्ट नवं पाठवायला, पुट-पॅच बदलायला, डिलीट काढायला, ऑप्शन्स काय काय चालतं ते विचारायला.) त्याप्रमाणे एनजिनएक्समध्ये गेट आणि पोस्ट सोडून सगळं नाकारलं. लगेच मापाड्याच्या मोबाइलवर पावतीची दुरुस्ती बंद पडली, कन्सोलमध्ये कॉर्सची (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्याशी बोलायच्या परवानगीची) एरर. मग बदल मागे घेतला.

अलाउ हेडरमध्ये (उत्तरासोबत येणारी, चालणाऱ्या मेथडची यादी) नाव दिसलं म्हणजे खरंच भोक आहे का? आणि या कमी वापरातल्या मेथड नीट तपासायच्या कशा? सीतादही होऊन कापूस घरी यायच्या आत हे निस्तरायचं आहे. सर्व्हर आमचाच आहे, चाचणीची वेगळी प्रतही आहे.

---

पऱ्हाटी_२०

भाऊ, आधी अलाउ हेडरचं सांगतो. लारावेलमध्ये एखाद्या पत्त्यावर गेट, पुट, पॅच, डिलीट असे राउट (कुठल्या पत्त्याला, कुठल्या मेथडला कुठला कोड चालवायचा ती नोंद) असले की ऑप्शन्सला तो तेवढीच नावं परत देतो. तुमच्या पावतीला दुरुस्ती आणि रद्द करण्याची सोय आहे, म्हणून ती नावं तिथं असणारच. उलटही होतं. अलाउमध्ये फक्त गेट आणि पोस्ट दिसतात, पण मागचा पीएचपी प्रोग्राम कुठल्याही मेथडला उठतो. म्हणून ती यादी फक्त कुठं बघायचं ते सांगते. तपासायचं असतं ते वेगळंच: तुमचा प्रोग्राम "नाही" म्हणतो तेव्हा मेथडचं नाव बघून म्हणतो, की समोरच्या माणसाचा हक्क बघून?

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी. सर्व्हर कंपनीचा असला तरी संचालकांची लेखी परवानगी घ्या, त्यात कुठला पत्ता, कुठल्या तारखा हे लिहा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय शिरणं येतं, आणि होस्टिंगवाल्याने विचारलं तर कागद हातात हवा. दुसरं, डिलीट आणि पुट फक्त चाचणीच्या प्रतीवर, खोट्या पावत्यांवर. चालू हंगामाच्या डेटावर कधीच नाही.

आता तपासणीची मांडणी. तीन ओळखी तयार करा: लॉगिन नसलेला, मापाडी, व्यवस्थापक. अ‍ॅपमधले पत्ते आडव्या ओळीत, मेथड उभ्या रकान्यात. गेट, हेड, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट, ऑप्शन्स, ट्रेस, आणि एक बनावट शब्द, समजा एक्सवायझेडक्यू. हा बनावट शब्द टाकायलाच हवा, सगळ्यात जास्त तोच बोलतो. आरएफसी ९११० (२०२२, एचटीटीपीच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये एकूण ८ मेथड आहेत आणि पॅच २०१० च्या आरएफसी ५७८९ मधून आली. सर्व्हरला अनोळखी मेथड आली तर ५०१ आणि ओळखीची पण त्या पत्त्याला न चालणारी आली तर ४०५ द्यावं, असं तिथं लिहिलं आहे. ४०५ सोबत अलाउ हेडर सक्तीचं. अनोळखी शब्दाला २०० आलं, तर खालच्या प्रोग्रामला मेथडशी काही देणंघेणं नाही असं समजा.

प्रत्येक खान्यात तीन गोष्टी लिहा: स्टेटस (उत्तराचा क्रमांक: २०० म्हणजे झालं, ४०१ म्हणजे लॉगिन हवं, ४०३ म्हणजे हक्क नाही), उत्तराची लांबी, आणि डेटाबेसमधली ओळ बदलली का. नुसता स्टेटस फसवतो. २०० असतं आणि आत लॉगिनचं पान असतं. किंवा ५०० येतं आणि पावती मात्र रद्द झालेली असते, कारण एरर ओळ बदलल्यानंतर उत्तर तयार करताना आली.

कर्लमध्ये (टर्मिनलमधून विनंती पाठवायचं साधन) लोक जिथं अडकतात ते:

डॅश मोठा एक्स फक्त मेथडचा शब्द बदलतो, कर्लचं वागणं बदलत नाही. म्हणून हेडसाठी तो वापरला की कर्ल न येणाऱ्या मजकुराची वाट बघत लटकून राहतो. हेडसाठी डॅश मोठा आय.

डॅश मोठा एलने रिडायरेक्टमागे जात असाल आणि सोबत मोठा एक्स असेल, तर पुढच्या पत्त्यावरही तीच मेथड जाते. लॉगिनकडे ३०२ आलं की तुमची डिलीट तिकडे जाऊन धडकते आणि तिथलं ४०५ तुम्ही "डिलीट बंद आहे" असं वाचता. चाचणीत रिडायरेक्टमागे जाऊच नका.

डॅश छोटा डीने पाठवलेला मजकूर फॉर्मच्या प्रकारचा जातो. तुमचा एपीआय (पान सर्व्हरच्या ज्या भागाशी बोलतं तो) जेसन नमुन्यातला डेटा मागत असेल तर ४१५ किंवा ४२२ येईल. ते मेथड नाकारणं नव्हे. कंटेंट-टाइप दुरुस्त करून पुन्हा पाठवा, मगच खाना भरा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करत असाल तर प्रत्येक विनंतीला २० सेकंदांची मर्यादा घाला, आणि वेळ संपली तर "नाकारलं" लिहू नका, "उत्तर नाही" लिहा. विनंती पोहोचून काम झालेलं असू शकतं.

---

वर्धातीर

अपाचेच्या बाजूचं मी सांगतो.

ट्रेस अपाचेत मुळातून चालू असतो. तुम्ही पाठवलेली विनंती तो हेडरसकट परत वाचून दाखवतो. २००३ मध्ये जेरेमाया ग्रॉसमन यांनी दाखवलं की ब्राउझरकडून ट्रेस पाठवून घेतला तर एचटीटीपी-ओन्ली कुकीही वाचता येते. आजचे ब्राउझर स्क्रिप्टला ट्रेस पाठवूच देत नाहीत, म्हणून तो रस्ता बंद आहे. तरीही बंद करायचं एक साधं कारण उरतं: मधल्या प्रॉक्सीने आत जोडलेले हेडर, आतला आयपी, एखादं गुप्त टोकन, सगळं बाहेर वाचलं जातं.

तुमच्याकडे समोर एनजिनएक्स आहे आणि तो ट्रेसला स्वतःच ४०५ देतो. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसेल. अपाचेचा आतला पोर्ट मात्र बाहेरून उघडा राहिला असेल तर ती आड गेली. म्हणून ट्रेस दोनदा तपासा: एकदा डोमेनवरून, एकदा सर्व्हरच्या आत बसून थेट अपाचेच्या पोर्टवर. बंद करायची ओळ ट्रेसएनेबल ऑफ. ती मुख्य कॉन्फिगमध्ये किंवा व्हर्च्युअल होस्टमध्येच चालते, डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नाही.

आता खरी भीतीची जागा. तुमच्या जुन्या डाउनलोड पानाचा डॉट एचटीअ‍ॅक्सेस इथं टाका. पासवर्डची ओळ "लिमिट गेट पोस्ट" अशा कंसात गुंडाळलेली आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या नमुन्यांत ती तशीच असते.

---

अडाणकाठ

हाव, तशीच आहे. लिमिट, पुढं गेट पोस्ट, आत रिक्वायर व्हॅलिड-युजर.

चाचणीच्या प्रतीवर पावती क्रमांक ४१२ मागवून पाहिली, पासवर्ड न देता:

गेट: ४०१
हेड: ४०१
पोस्ट: ४०१
पुट: २००, लांबी ३८,९१४
एक्सवायझेडक्यू: २००, लांबी ३८,९१४

ती लांबी त्या पीडीएफचीच. फाइल उघडली तर शेतकऱ्याचं नाव, गाव, बँक खात्याचे शेवटचे आकडे, सगळं. हे काऊन झालं ते समजलं नाही. हेड यादीत नाही तरी अडवलं, आणि पुट मात्र आत गेलं?

---

वर्धातीर

लिमिटचा अर्थ "एवढ्याच मेथड चालू" असा नाही. "एवढ्याच मेथडना ही अट लागू" असा आहे. बाकीच्यांना अटच नाही, म्हणून पासवर्ड विचारलाच गेला नाही. हेड अडलं कारण अपाचे लिमिटमधल्या गेटमध्ये हेड धरतोच.

पुढं काय झालं बघा. एनजिनएक्सने मोठ्या अक्षरांतला अनोळखी शब्द तसाच मागे पाठवला. अपाचेने तो पीएचपीकडे दिला. पीएचपी फाइल क्वेरीतला पावती क्रमांक वाचते, मेथड बघतच नाही, पीडीएफ ओतते. तीच पीडीएफ साधी फाइल म्हणून फोल्डरमध्ये असती तर अनोळखी मेथडला अपाचेने स्वतः नकार दिला असता. मध्ये पीएचपी आल्यानं भोक पडलं.

इलाज: लिमिटच्या दोन्ही ओळी पुसून टाका, रिक्वायर उघडी राहू द्या. मग अट प्रत्येक मेथडला लागते. लिमिटच्या जागी लिमिट-एक्सेप्ट घालून काम भागवू नका, तुम्हाला इथं मेथडनुसार फरक करायचाच नाही.

अपाचे २.४ मध्ये एचटीटीपी-प्रोटोकॉल-ऑप्शन्सला रजिस्टर्ड-मेथड्स दिलं की बनावट शब्दाला ५०१ मिळतं. तेही लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. पुट, प्रॉपफाइंड, मूव्ह या सगळ्या अपाचेच्या ओळखीच्या आहेत, त्या तशाच आत गेल्या असत्या.

आणि हे भोक आजचं नाही. चालू सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्या पानाच्या ओळी काढा, गेट-हेड-पोस्ट सोडून दुसरी मेथड आणि २०० अशा किती आहेत ते मोजा. शेतकऱ्यांचा डेटा आहे, हे आज रात्रीच बघा.

---

अडाणकाठ

लिमिट काढलं, चाचणीवर आणि चालू सर्व्हरवर दोन्हीकडे. पाचही मेथडना आता ४०१. लॉग तपासले, ठेवलेल्या ९० दिवसांत तशी ओळ एकही नाही. आभार.

आता लारावेलच्या आतलं राहिलं.

---

सोयाबीन_ताई (चिखली, जि. बुलढाणा)

लारावेलमध्ये चार ठिकाणी बघा.

पहिलं, राउट फाइलमध्ये "एनी" शब्द शोधा. घाईत कुणीतरी पावती रद्द करायच्या पत्त्याला राउट एनी लावून ठेवतो. सीएसआरएफ टोकनची (दुसऱ्या साइटने तुमच्या लॉगिनवर गुपचूप विनंती पाठवू नये म्हणूनची खूण) तपासणी गेट, हेड आणि ऑप्शन्सना सोडून देते, कारण या मेथड फक्त वाचतात असं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे रद्द करायचा पत्ता गेटला चालला की टोकनची राखण संपली. कुकीवर सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून कुकी जाण्यावरचं बंधन) असूनही फरक पडत नाही. दुसऱ्या साइटवरच्या लिंकवर टिचकी मारून पान उघडलं की लॅक्समध्येही कुकी जाते, फक्त ती विनंती गेट असायला हवी. म्हणून प्रत्येक पोस्टचं रूपांतर गेटमध्ये करून बघा: फॉर्ममधले रकाने पत्त्याच्या क्वेरीत टाका, टोकन काढून टाका, मापाड्याच्या लॉगिनने पाठवा. ४०५ यायला हवं.

दुसरं, हेड. लारावेल प्रत्येक गेट राउटला हेडही जोडतो. कंट्रोलरमध्ये "मेथड गेट असेल तर फॉर्म दाखव, नाहीतर जतन कर" असं लिहिलेलं असेल, तर हेड आलं की "नाहीतर" मध्ये पडतं. २०१९ मध्ये गिटहबच्या ओऑथ परवानगीच्या पानात (बाहेरच्या प्रोग्रामला आपलं खातं वापरायची परवानगी देतात ते पान) नेमकं हेच सापडलं. ते रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कवर होतं, तिथंही हेड गेटच्या राउटवर जातं. एका हेडने परवानगीचं बटण दाबल्यासारखं होत होतं. तुमच्याकडं इफ आणि गेट एकत्र आलेली प्रत्येक ओळ काढून वाचा.

तिसरं, मेथड बदलून घेण्याची सोय. एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्टच येतात, म्हणून लारावेल पोस्टमधला अंडरस्कोर-मेथड नावाचा रकाना किंवा एक्स-एचटीटीपी-मेथड-ओव्हरराइड हेडर वाचून त्याला डिलीट किंवा पुट समजतो. आता बघा, एनजिनएक्सवर डिलीट अडवून काय मिळालं? बाहेरून पोस्ट आली, आत जाऊन डिलीट झाली. अहवालातली सूचना पाळूनही पावती रद्द करता आलीच असती. तपासायला साधी पोस्ट घ्या, हेडरमध्ये डिलीट लिहा, लॉगिन मापाड्याचं ठेवा. ४०३ आलं तर हक्काची तपासणी जागेवर आहे. २०० किंवा २०४ आलं तर पॉलिसी (हक्क तपासणारा लारावेलचा भाग) लावायची राहिली आहे. तीच विनंती अंडरस्कोर-मेथड क्वेरीत टाकूनही करा, तिथूनही तो वाचला जातो.

चौथं, पॅच, आणि माझ्या मते तुमच्या अ‍ॅपमध्ये सर्वात महाग पडेल ते हेच. मापाड्याला गाडी नंबर दुरुस्त करायचा हक्क आहे, म्हणून पावतीवर पॅच त्याला चालतो. त्या पॅचमध्ये गाडी नंबरासोबत "दर" किंवा "निव्वळ वजन" हा रकाना घालून पाठवा. कंट्रोलर आलेलं सगळंच्या सगळं मॉडेलमध्ये ओतत असेल, तर १२.४० क्विंटलचे १४.२० होतील आणि स्क्रीनवर कुणाला काही दिसणार नाही. पुट आणि पॅच बहुधा एकाच अपडेट फंक्शनला जातात, तरी दोन्ही वेगळे पाठवा. कधीकधी पुटसाठी नियम लिहिलेले असतात आणि पॅचला वेगळा रस्ता दिलेला असतो. उपाय असा की व्हॅलिडेट होऊन आलेले रकाने तेवढेच घ्या, आणि कुठला रकाना कुणी बदलायचा ते भूमिकेनुसार लिहा.

एक सूचना. पुट किंवा पॅचने फॉर्मचा मजकूर आला तर साध्या पीएचपीत डॉलर-अंडरस्कोर-पोस्ट रिकामा राहतो. लारावेलबाहेरची जुनी फाइल तपासताना "काहीच झालं नाही" म्हणून समाधान मानू नका. तिथं रकाने पत्त्यातून देऊन पुन्हा बघा.

---

अडाणकाठ

ताई, पॅचमध्ये दर बदलला गेला. चाचणीच्या पावतीवर ७,००० चे ७,९०० झाले, मापाड्याच्या लॉगिनने. आज दुरुस्त करतो. ओव्हरराइडने डिलीट पाठवली तर ४०३ आलं, तेवढं बरं आहे.

शेवटचं विचारतो, ऑप्शन्स बंद केल्यावर मोबाइल काऊन अडला? आणि मग एनजिनएक्समध्ये ठेवायचं तरी काय?

---

पऱ्हाटी_२०

मोबाइलचं पान एका सबडोमेनवर, एपीआय दुसऱ्यावर. अशा वेळी पुट, पॅच, डिलीट पाठवण्याआधी ब्राउझर स्वतःहून ऑप्शन्स पाठवून विचारतो: या ठिकाणाहून ही मेथड चालेल का? जेसन घेऊन जाणाऱ्या पोस्टलाही तो विचारतो. तुम्ही ऑप्शन्स नाकारलं, म्हणून मूळ विनंती निघालीच नाही. या विचारणीत कुकी किंवा टोकन नसतं. म्हणून ऑप्शन्सवर लॉगिनची अट लावली की ४०१ जातं आणि परिणाम तोच.

कर्लने हे हुबेहूब करता येतं: ऑप्शन्स, सोबत ओरिजिन हेडरमध्ये मोबाइलच्या पानाचा पत्ता, आणि अ‍ॅक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-मेथडमध्ये पॅच. उत्तर २०० किंवा २०४ हवं, अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिनमध्ये तोच पत्ता आणि अलाउ-मेथड्समध्ये पॅच. मग ओरिजिनमध्ये भलताच पत्ता घालून पाठवा. तोही परत आला तर कॉर्सची यादी सताड उघडी आहे.

मॅक्स-एजसुद्धा लावा. तो नसेल तर ब्राउझर ही परवानगी फक्त ५ सेकंद लक्षात ठेवतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला दोन फेऱ्या. काट्यावर नेटवर्कची एक काडी असते तिथं ते जाणवतं. क्रोम जास्तीत जास्त ७,२०० सेकंद मानतो, तेवढे द्या. मात्र चाचणी करताना हाच साठा जुनं उत्तर दाखवतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर नवी खाजगी खिडकी उघडा.

जावास्क्रिप्टमध्ये फेचला पॅच छोट्या अक्षरांत लिहिलं असेल तर तेही बघा. गेट, पुट, डिलीट छोट्या अक्षरांत लिहिले तरी फेच त्यांना मोठं करतो, पॅचला मात्र करत नाही. मेथडच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं आणि एनजिनएक्स छोट्या अक्षरांना सरळ ४०० देतो. ही चूक कॉर्ससारखीच दिसते आणि दिवस खाते.

एनजिनएक्समध्ये त्याचं स्वतःचं लिमिट-एक्सेप्ट (अपाचेचं नव्हे; हे दिलेल्या मेथड सोडून बाकी अडवतं) लोकेशननुसार लावा. एपीआयच्या लोकेशनला गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट, ऑप्शन्स. जुन्या डाउनलोडला फक्त गेट, त्यात हेड येतंच. अडवलेल्याला तो ४०५ ऐवजी ४०३ देतो, तक्त्यात ते गोंधळात टाकतं. नकार कुणी दिला हे ओळखायला उत्तराचा मजकूर बघा: खाली एनजिनएक्सचं नाव असलेलं साधं पान असेल तर समोरूनच परतलं, जेसन असेल तर लारावेलने नाकारलं. हे दोन वेगळे खाने समजा. समोरचा नकार उद्या कॉन्फिग बदलली की जातो.

---

वर्धातीर

नेटवर्कचा विषय निघालाच आहे तर आणखी एक तपासा. नवी पावती पोस्टने होते ना? पावती पाठवली, सर्व्हरवर जतन झाली, पण उत्तर यायच्या आत वीज गेली किंवा सिग्नल तुटला. मापाडी पुन्हा बटण दाबतो. एकाच गाडीच्या दोन पावत्या, आणि चुकारेही दोनदा निघतात.

पुट आणि डिलीट पुन्हा पाठवले तरी परिणाम एकदाच व्हावा अशी त्यांची व्याख्याच आहे. पोस्ट आणि पॅचला तशी हमी नाही. म्हणून पावतीचा युनिक आयडी मोबाइलवरच तयार करा आणि त्या आयडीच्या पत्त्यावर पुट करा. पहिल्यांदा २०१, दुसऱ्यांदा २०० किंवा २०४, डेटाबेसमध्ये ओळ एकच. एनजिनएक्ससुद्धा मागचा सर्व्हर पडला तर पोस्ट, पॅच आणि लॉक दुसऱ्या सर्व्हरवर आपणहून पुन्हा पाठवत नाही, पुट पाठवतो.

चाचणी अशी: तीच पुट लागोपाठ तीनदा पाठवा, ओळी मोजा. मग दोन टर्मिनलमधून एकाच क्षणी पाठवा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या प्रकारात दोन ओळी झाल्या तर त्या रकान्याला डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) नाही, कोडमध्ये नुसतं "आहे का" बघून भरलं जातंय.

---

अडाणकाठ

लागोपाठ तीनदा: एक ओळ. एकाच क्षणी: दोन ओळी. इंडेक्स नव्हताच. आता लावला, पुन्हा केलं, एक २०१, एक ४०९, ओळ एक.

पॅचमधून दर आणि वजन काढले, ते फक्त व्यवस्थापकाला. ऑप्शन्स चालू, मॅक्स-एज ७,२००. अपाचेच्या आतल्या पोर्टवर ट्रेसला २०० येत होतं, आता ४०५. पूर्ण तक्ता तिन्ही लॉगिनने उद्या पुन्हा भरतो आणि संचालकांच्या फाइलला लावतो.

---

सोयाबीन_ताई

४०९ आलं की मोबाइलच्या पानाने ते "पावती आधीच जतन झाली" असं दाखवायला हवं. लाल एरर दिसली की मापाडी घाबरून नवी पावती करेल, नवा आयडी तयार होईल आणि इंडेक्स काही करू शकणार नाही.